तीनशे चौऱ्याहत्तर तास

ठाण्यातल्या एका हॉलमधली साडेचारशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी मे महिन्यातल्या एका रविवारी पहाटे साडेपाचला उजाड झाली. टाकी माझ्या मित्राची, सहा वर्षं जपलेली. क्लाउनची जोडी, एक फॉक्सफेस, पाच हिरवे क्रोमिस, एक मँडरिन, दोन क्लीनर झिंगे, गोगलगायी आणि मऊ कोरल असा तिचा संसार. मित्र निष्काळजी नाही. नवा मासा क्वारंटाइन केल्याशिवाय मोठ्या टाकीत सोडायचा नाही, हा नियम तो सुरुवातीपासून पाळत आलाय आणि याही वेळी त्याने तो पाळला होता. म्हणूनच हे सगळं तासातासाने मांडावंसं वाटलं. त्याची नोंदवही, कंट्रोलरमधले आकडे आणि शेवटच्या रात्री मी डोळ्यांनी पाहिलेलं, यांवरून हा हिशेब लावलाय. परजीवीच्या हालचालींच्या वेळा त्याच्या जीवनचक्रावरून उलट मोजत काढल्या आहेत. त्या तासा-दोन तासांनी इकडेतिकडे असतील, क्रम मात्र हाच.

३७४ तास आधी. शुक्रवार, दुपारी साडेतीन

थर्माकोलच्या खोक्यातून पावडर ब्लू टँग घरी आला. हिंदी महासागरातला हा मासा. लक्षद्वीप, मालदीव, श्रीलंका हा त्याचा मुलूख. आकाशी अंग, काळा चेहरा, पांढरा गळा, पाठीवर पिवळा पर आणि शेपटीच्या मुळाशी नस्तरासारखा काटा. पाहणाऱ्याला वेड लावतो आणि पाळणाऱ्याला रडवतो, कारण खाऱ्या पाण्यातले परजीवी सगळ्यात आधी याच जातीच्या माशांना धरतात.

मित्राने पिशवी पंधरा मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवली, कापली, मासा वाडग्यात घेऊन लगेच क्वारंटाइनच्या टाकीत सोडला आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओतलं. थेंब थेंब पाणी मिसळत तासभर बसला नाही, हे बरोबरच केलं. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो आणि साठलेला अमोनिया त्या उतरलेल्या पीएचमुळे फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढायला लागतो आणि तोच अमोनिया विषारी रूप घेतो. त्या पाण्यात मासा जितका रेंगाळेल तितके त्याचे कल्ले भाजतात. क्षारता जुळवायची ती पिशवी यायच्या आधी, क्वारंटाइनच्या टाकीत. तीही त्याने जुळवून ठेवली होती.

टाकी पंचाहत्तर लिटरची. वाळू नाही, खडक नाही. लपायला पीव्हीसीचे एल्बो, एक हीटर, एक स्पंज फिल्टर आणि जोरात बुडबुडे सोडणारा एअर स्टोन. टँग उडी मारतो म्हणून वर प्लॅस्टिकची जाळी. इन्व्हर्टरचा प्लग हॉलमध्येच असल्यामुळे ती मोठ्या टाकीपासून जेमतेम मीटरभर अंतरावर मांडलेली. दोन्हींच्या वर छताचा पंखा. मे महिना असल्याने मोठ्या टाकीचंही झाकण काढून ठेवलेलं.

३६५ तास आधी. शुक्रवार रात्र सरून साडेबारा

माशाच्या कल्ल्यातून एक कण सुटून काचेच्या तळाशी पडला. टोकदार पेन्सिलीने कागदावर ठिपका टेकवावा त्याहूनही लहान.

याचं नाव अ‍ॅमिलूडिनियम ओसेलेटम. छंदिष्टांच्या बोलीत व्हेल्व्हेट. १९३१ साली ई. एम. ब्राउन यांनी लंडनच्या प्राणीसंग्रहालयातल्या मत्स्यालयाच्या माशांवरून याचं पहिलं वर्णन केलं. म्हणजे माणसाची याच्याशी ओळखच मुळी बंदिस्त काचेतली. मोकळ्या समुद्रात याला पुढचा मासा सापडणं महाकठीण. टाकीत तेच काम अगदी सोपं होऊन जातं.

तीन अवस्थांत हा जगतो. पहिलीत मुळांसारखे तंतू कल्ल्यात रुतवून काही दिवस माशाच्या पेशींवर पोसतो. दुसरीत पोट भरलं की सुटून तळाशी जातो, भोवती कवच धरतो आणि आत दुभंगत राहतो, एकाचे दोन, दोनाचे चार, असे जास्तीत जास्त दोनशे छप्पन. तिसरीत ती दोनशे छप्पन पिल्लं कवच फोडून पोहत बाहेर पडतात. त्यांना डायनोस्पोअर म्हणतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी ती असतात आणि त्यांना मासा हवा असतो.

औषधाला सापडते ती फक्त ही तिसरी अवस्था. कल्ल्यात रुतलेल्या परजीवीला तांब्याने फारसं काही होत नाही, कवचातल्यालाही नाही. क्वारंटाइन इतके दिवस चालवावं लागतं ते यासाठी. औषध पाण्यात तयार ठेवायचं आणि परजीवी एकेक करून बाहेर पडायची वाट पाहायची.

३५० तास आधी. शनिवार, दुपारी साडेतीन

टँगने नोरीच्या, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या, पानाला तोंड लावलं. खातोय म्हटल्यावर मित्राने तांब्याच्या औषधाची पहिली अर्धी मात्रा टाकली. त्याच्याकडच्या औषधाची पूर्ण पातळी लिटरला अर्धा मिलिग्रॅम तांबं, आणि ती दोन हप्त्यांत, अठ्ठेचाळीस तासांच्या अंतराने गाठायची. पातळी कमी पडली तर परजीवी जगतो, जास्त झाली तर मासा मरतो आणि या दोन्हींमधली फट अरुंद आहे. टेस्ट किट हातात नसेल तर तांब्याची बाटली घरात आणूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाटलीवरचं लेबल हा पुरावा नसतो, हेही इथेच सांगायला हवं. एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकेत कॉर्पस क्रिस्टीच्या टेक्सास स्टेट अ‍ॅक्वेरियममध्ये परजीवींवर उपचार करताना ट्रायक्लोरफॉनचं लेबल असलेलं औषध टाकीत गेलं. तपासात कळलं की आत हायड्रोक्विनोन होतं. जवळपास चारशे मासे गेले. मित्राला ही गोष्ट ठाऊक आहे, म्हणून तो औषध टाकल्यावर आकडा मोजतोच. त्या शनिवारीही मोजला. बरोबर निम्मा आला.

३११ तास आधी. सोमवार, सकाळी साडेसहा

तळाशी पडलेल्या कणाला सव्वादोन दिवस झाले. पाणी अठ्ठावीस अंशांवर, म्हणजे त्याच्या सोयीचं. कवच फुटलं. पाण्यात तांबं होतं, पण अर्धंच, आणि अर्ध्या तांब्यात सगळी पिल्लं मरतील याचा भरवसा नसतो.

आता एअर स्टोनकडे पाहा. बुडबुडा पृष्ठभागावर येऊन फुटतो तेव्हा त्याच्या कडेने बारीक तुषार उडतात. अशा टाकीच्या काठावर दोन दिवसांत मिठाची पांढरी खर जमते, ती याच तुषारांची. जाळी त्यांना अडवत नाही. जिथे मीठ पोहोचतं तिथे त्या थेंबात जे असेल तेही पोहोचतं. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. अ‍ॅमिलूडिनियम हवेतल्या तुषारांतून एका टाकीतून दुसऱ्या टाकीत जिवंत जातो, स्थिर हवेत सुमारे ४४ सेंटिमीटर आणि वाहत्या हवेत तीन मीटरपर्यंत.

हॉलमध्ये मित्राची आई चहा घेऊन बसल्या होत्या आणि पंखा पाचवर होता. मे महिन्यात ठाण्यात तो दुसऱ्या कशावर असणार? मित्राने दोन्ही टाक्यांची जाळी वेगळी ठेवली होती, नळ्या वेगळ्या, बादल्यांवर रंगीत पट्ट्या. क्वारंटाइनमध्ये हात घातला की साबणाने कोपरापर्यंत धुवायचा. पाण्याच्या सगळ्या वाटा त्याने बंद केल्या होत्या. हवेची वाट उघडी होती आणि माझ्या मते ते त्याच वाटेने गेलं.

३०२ तास आधी. सोमवार, दुपारी साडेतीन

दुसरी मात्रा. तांबं अर्ध्या मिलिग्रॅमवर. या तासापासून घरातलं सगळ्यात सुरक्षित पाणी क्वारंटाइनच्या टाकीतलं. टँगच्या कल्ल्यातून पुढे जे सुटेल त्याची पिल्लं बाहेर पडताच मरणार होती. मोठ्या टाकीत मात्र नऊ तासांपूर्वीच काहीतरी येऊन पडलं होतं.

२३० तास आधी. गुरुवार, दुपारी साडेतीन

क्वारंटाइनमध्ये अमोनिया अर्ध्या पीपीएमवर गेला. नवा स्पंज अजून पिकला नव्हता आणि तांब्याचा बॅक्टेरियांवरही ताण येतो. दुकानदाराने फोनवर सांगितलं, अमोनिया बांधणारं औषध टाका, पाच मिनिटांत काम होईल. मित्राने लेबल वाचलं आणि बाटली ठेवून दिली. ही औषधं बहुधा क्षपणकारी असतात. त्यांच्या संगतीत पाण्यातल्या तांब्याचं रूप बदलतं आणि ते माशाला कितीतरी जास्त विषारी होतं. दोन्ही बाटल्या एकाच फडताळात असतात आणि रात्री घाबरलेला माणूस दोन्ही ओततो. असे मासे मेलेले मी पाहिले आहेत. मित्राने पंचवीस लिटर पाणी बदललं आणि नव्या पाण्यात आधी तेवढंच तांबं घालून घेतलं. संध्याकाळी आकडा उतरला. टँग खात होता.

२१० तास आधी. शुक्रवार, सकाळी साडेअकरा

मोठ्या टाकीत पहिल्या खेपेचे परजीवी पोट भरून तळाला गेले. किती असतील? पाच, दहा. सहा वर्षांच्या खडकांत आणि वाळूत ते कुणाला दिसणार?

१५० तास आधी. रविवार, रात्री साडेअकरा

दिवे मालवल्यावर कवचं फुटली. एकाचे दोनशे छप्पन.

८१ तास आधी. बुधवार, रात्री साडेआठ

वहीत मित्राच्या अक्षरात: ‘फॉक्सफेस वेव्हमेकरच्या तोंडाशी उभा. खात नाही. क्रोमिस खडकाला अंग घासतायत. तापमान २९.१.’

आज ही ओळ वाचताना पोटात खड्डा पडतो. कारण हे व्हेल्व्हेटचं पुस्तकातलं लक्षण आहे. कल्ल्यांत अडथळा आला की मासा जोरदार प्रवाहात तोंड करून उभा राहतो, कारण तिथे कमी मेहनतीत जास्त पाणी कल्ल्यांवरून जातं. पण त्याच ओळीत २९.१ हा आकडाही आहे. गरम खारं पाणी प्राणवायू कमी धरतं. या तापमानाला लिटरमागे सहा-साडेसहा मिलिग्रॅमच्या वर नाहीच. मे महिन्यात मासे धापा टाकताना दिसले की कुणीही आधी उष्णतेकडेच पाहील. अंगावर एकही ठिपका नव्हता. व्हेल्व्हेट आधी कल्ले खातो आणि कातडीवर शेवटी दिसतो. ठिपके शोधत बसणारा माणूस म्हणूनच नेहमी उशिरा पोहोचतो.

दुकानदार म्हणाला, क्लीनर झिंगे आहेत ना, ते साफ करतील. कल्ल्यांच्या आतल्या या परजीवीपुढे झिंग्याचं काही चालत नाही. मित्राने पाण्यावर हवा मारायला एक टेबलफॅन लावला.

६६ तास आधी. गुरुवार, सकाळी साडेअकरा

दुसऱ्या खेपेचे परजीवी सुटले. शेकड्यांनी. कल्ले मोकळे झाले.

५७ तास आधी. गुरुवार, रात्री साडेआठ

फॉक्सफेस प्रवाह सोडून पुढे आला. कोळंबीचे तुकडे टाकताच क्रोमिस वर धावले. तापमान टेबलफॅनमुळे २७.६ वर उतरलं होतं. वहीत: ‘सगळे खातायत. उष्णतेचाच त्रास होता.’

या रोगाची सगळ्यात घातक जागा हीच. परजीवी खाली उतरला की मासा एक-दोन दिवस बरा झाल्यासारखा दिसतो आणि नेमका तेव्हाच केलेल्या उपायाला गुण आल्याचा भास होतो. कुणी लसूण घातलेला असतो, कुणी मीठ कमी केलेलं असतं, कुणी पंखा लावलेला असतो. (क्षारता उतरवून पांढऱ्या ठिपक्यांचा इच मरतो. व्हेल्व्हेट निमखाऱ्या पाण्यातही टिकून राहतो, त्यामुळे तो उपाय इथे लागूच पडत नाही.) सगळे मासे पकडून तांब्यात हलवायला हे दोन दिवस पुरले असते. माशांत ताकद होती, दुकानं उघडी होती.

३३ तास आधी. शुक्रवार, रात्री साडेआठ

‘सगळे ठीक.’ एवढंच.

१२ तास आधी. शनिवार, संध्याकाळी साडेपाच

तळाशी शेकडो कवचं, प्रत्येकात दोनशे छप्पनपर्यंत. ती जवळपास एकाच वेळी फुटली. साडेचारशे लिटर पाण्यात नऊ मासे आणि त्यांच्या मागावर हजारो पिल्लं. जड लागण झाली तर हा रोग बारा तासांतही मासा मारतो.

९ तास आधी. शनिवार, रात्री साडेआठ

क्लाउनची मादी आपलं लेदर कोरल सोडून पृष्ठभागाला टेकली होती. सहा वर्षांत तिने ती जागा रात्री कधी सोडली नव्हती. फॉक्सफेसवर तपकिरी चट्टे आलेले. क्रोमिस दिव्यापासून दूर, खडकामागच्या अंधारात. मित्राच्या मुलीने टॉर्च बाजूने तिरका धरला तेव्हा दिसलं. “बाबा, ह्यांच्या अंगावर पिठी बसलीये,” ती म्हणाली. पिवळसर, सोनेरी, तलम. समोरून पाहिलं की काहीच नाही, तिरक्या उजेडात सगळं अंग माखलेलं.

मला फोन आला.

७ तास आधी. रात्री साडेदहा

मी पोहोचलो तेव्हा मित्र तांब्याची बाटली हातात घेऊन मोठ्या टाकीसमोर उभा होता. तो ती ओतणार नव्हता, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्या पाण्यात तांबं गेलं की झिंगे आणि गोगलगायी मरतात, कोरल मरतात. खडक आणि वाळू चुन्याच्या असल्यामुळे तांबं शोषून घेतात. औषधाची पातळी टिकत नाही आणि पुढे त्या टाकीत कोरल ठेवायचा भरवसा उरत नाही. एवढं सगळं घालवूनही कल्ल्यांत आधीच रुतलेल्या परजीवींना ते तांबं काही करणार नव्हतंच. औषध घरात होतं, मात्रा ठाऊक होती, किट होतं. ते चालेल अशी घरातली एकच टाकी पंचाहत्तर लिटरची होती आणि तिच्यात एक टँग होता.

रविवारच्या पाणीबदलासाठी ड्रममध्ये साठ लिटर खारं पाणी कालवून ठेवलेलं होतं. आईंनी कपडे भिजवायचा मोठा टब रिकामा करून दिला. त्यात ते पाणी, दोन एअर स्टोन आणि तांबं. हा टब आतल्या खोलीत ठेवला.

५ तास आधी. रात्री साडेबारा

खडक उचलल्याशिवाय मासे हाती लागत नाहीत. एकेक खडक पाण्याच्या दुसऱ्या टबात काढून ठेवताना पाणी ढवळत होतं आणि आधीच गुदमरलेले मासे पळापळीत उरलेला दम घालवत होते. आम्ही थांबत थांबत काम केलं. आधी क्रोमिस. पाचांपैकी दोन जाळीतच निपचित झाले.

४ तास आधी. रात्री दीड

क्लाउनच्या मादीला गोड्या पाण्याची आंघोळ दिली. आरओचं पाणी, तापमान आणि पीएच जुळवलेलं, हवा सोडलेली, चार मिनिटं. गोड्या पाण्याच्या धक्क्याने परजीवी फुगून सुटतात आणि माशाला थोडी उसंत मिळते. वाडग्याच्या तळाशी बारीक भुरका जमलेला डोळ्यांना दिसला. तिने टबात दोन फेऱ्या मारल्या. कल्ल्यांची झाकणं इतक्या वेगाने हलत होती की मोजता येत नव्हती. भुरका सुटला तरी त्याने पोखरलेल्या पापुद्र्यांतून आता प्राणवायू आत जात नव्हता.

२ तास आधी. पहाटे साडेतीन

पहाट टाक्यांना वाईट. रात्रभर प्रकाश नसल्याने शेवाळ आणि कोरलही प्राणवायूच खातात, आणि उजाडण्याआधी तो सगळ्यात कमी असतो. कंट्रोलरवर पीएच ७.८ दिसत होता, एरवी पहाटे ८ असतो. मोठ्या टाकीत फॉक्सफेस स्किमरच्या तोंडाशी तिरका तरंगत होता. त्याचे काटे विषारी असतात म्हणून मित्राने जाळीऐवजी डब्यात घेतला. त्याने प्रतिकार केला नाही. टबात सोडल्यावर दहा मिनिटांत तो गेला. क्लाउनची मादी त्याच्या आधी, नर थोड्या वेळाने. उरलेले क्रोमिस एकामागून एक.

शून्य. रविवार, पहाटे साडेपाच

शेवटचा क्रोमिस.

मँडरिन जिवंत होता. त्याच्या अंगावर जाड, कडवट बुळबुळीत थर असतो आणि परजीवीला तो सहजी भेदता येत नाही. वाळूवर तो नेहमीसारखा टोचत फिरत होता. आणि मीटरभर अंतरावर, तांब्याच्या पाण्यात, पावडर ब्लू टँग रात्रीची नोरी कुरतडत होता. रोग घेऊन आलेला एकटा तोच बरा झाला होता, कारण या घरात औषध वेळेत मिळालं ते फक्त त्याला.

त्यानंतर

सकाळी मुलीच्या शाळेच्या मायक्रोस्कोपखाली फॉक्सफेसच्या कल्ल्याचा नखाएवढा तुकडा ठेवला. कंगव्याच्या दातांसारखे लाल पापुद्रे दिसायला हवे होते. ते दिसतच नव्हते, इतके त्यांच्यावर पेरूच्या आकाराचे तपकिरी गोळे दाटले होते. आयोडीनचा एक थेंब टाकला. या परजीवीच्या पोटात स्टार्चचे कण असतात, त्यामुळे शाळेत बटाट्याच्या फोडीवर होतो तसा गोळा गोळा काळानिळा झाला. निदानाबद्दल शंका उरली नाही.

टँगची टाकी त्याच दिवशी उचलून आतल्या खोलीत नेली. दार बंद, पंखा बंद, आणि जाळीच्या जागी अ‍ॅक्रिलिकचं झाकण, हवेसाठी मागच्या कोपऱ्यात बोटभर फट. तांब्याचे दिवस नव्याने मोजायचे ठरले. मँडरिन मोठ्या टाकीत राहिला तर परजीवीला आसरा राहील, म्हणून त्यालाही बाहेर काढावं लागलं. त्याच्या जातीला तांबं सोसत नाही, त्यामुळे वेगळ्या टाकीत लिटरला दहा मिलिग्रॅमने क्लोरोक्विन फॉस्फेट. तो खातो फक्त जिवंत कोपेपॉड, त्यामुळे रोज मोठ्या टाकीबाहेर वाढवलेले कोपेपॉड मिळवणं हे त्याच्या औषधाहून अवघड काम होऊन बसलं.

मोठी टाकी आता माशांविना ठेवायची. व्हेल्व्हेटसाठी सहा आठवडे पुरतात. पण त्याच्याबरोबर इच आलाच नसेल असं छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही आणि इचची कवचं बहात्तर दिवसांपर्यंत तग धरतात. म्हणून मित्राने कॅलेंडरवर शहात्तरावा दिवस लाल पेनने गोल केला. तोवर झिंगे, गोगलगायी आणि कोरल यांच्यासाठी त्या टाकीचे दिवे रोज सकाळी नऊला लागतात.